मुरुडला पाऊल बसवायला गेलो, त्याची हकिकत

कोकणातून परत आल्यापासून पेठेतला जो तो मला रस्त्यात अडवतो. पहिला प्रश्न, "वस्ताद, समुद्र बघितला म्हणं?" आणि दुसरा, "ते पाऊल बसलं का?" पहिल्याचं उत्तर 'हो' म्हणून देता येतं. दुसऱ्याचं तसं देता येत नाही. शेवटी शाळेतले आमचे स्नेही जोशी मास्तर म्हणाले, "रोज नव्या माणसाला तेच सांगून घसा बसवण्यापेक्षा एकदा लिहून काढा. मी वाचनालयात ठेवतो." म्हणून हा उद्योग. लिहिण्याची सवय नाही, शाळा फायनलपर्यंत झाली, तेव्हा चुकलं माकलं सांभाळून घ्यावं.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी कराडचा. तालमीत वाढलो, गुडघा गेला तेव्हा कुस्ती सुटली, आणि वस्तादांच्या हाताखाली हाडं बसवायला शिकलो. बायकामाणसांना मी हात लावत नाही. ते काम आमच्या मंडळींचं, राधाबाईचं. मी दाराबाहेरून सांगतो, ती आत ओढते. शिवाय बाळंतिणीला तेल लावावं आणि तान्ह्याला न्हाऊ घालावं तर राधाबाईनंच, असं पेठेतल्या बायका म्हणतात. ही गोष्ट पुढं महत्त्वाची ठरली, पण निघताना माझ्या ध्यानात आली नव्हती.

किहीमचा रामा पाटील नारळ घेऊन कराडला येतो आणि गूळ घेऊन परत जातो. एकदा बाजारात गाडीवरून पडून त्याचा खांदा निखळला होता, तो मी बसवला. तेव्हापासून तो साऱ्या कोकणभर माझी कीर्ती गात सुटला. गेल्या दिवाळीनंतर आला तो दारातूनच ओरडत.

"वस्ताद, सामान बांधा! मुरुडला जायचं हाय."

"कुणाचं काय मोडलं?"

"दाऊदशेट नाखवा. स्वतःचे मचवे हायत त्यांचे, माझा गूळ त्यांच्याकडं जातो. त्यांच्या सुनेचं पाऊल भारी झालंय. शेटाच्या बीबीनं सोता सांगितलं, त्या कराडवाल्यांना आण, आणि घरवालीला आणायचं इसरू नको."

"भारी म्हणजे? सुजलंय? बधिर झालंय?"

"मला काय ठावं? बीबी हैदराबादेकडची, उर्दू बोलते. 'बहू का पाँव भारी है' इतकं म्हणाली आणि लाजून तोंडाला पदर लावला. मी आपला समजलो."

पाँव म्हणजे पाऊल, हे मलाही समजत होतं. जुना मुरगळा असेल, कुणा अडाण्यानं वाकडा बसवला असेल, शीर दबली असेल. मी तेल घेतलं, बांबूच्या कामट्या घेतल्या, पट्ट्या घेतल्या. राधाबाईनं मात्र विचारलं, "पाऊल भारी सांगताना बाई लाजंल कशाला?" मी म्हणालो, "मोठ्या घरच्या बायका. पायाचं नाव घ्यायलाही लाजत असतील."

किहीम

आगगाडीचं आणि मुंबईचं वर्णन करीत नाही. ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मुंबईहून लाँचनं रेवसला उतरलो, आणि मग रामाच्या ओळखीच्या बैलगाडीत बसलो. समुद्राबद्दल एवढंच सांगतो की, कृष्णामाईचा पलीकडचा काठ कुणी उचलून नेला तर कसं वाटेल, तसं मला झालं. राधाबाईनं हात जोडले आणि नंतर वाकून चूळभर पाणी तोंडात घेतलं. खारट आहे हे ऐकून ठाऊक असलं तरी ती खात्री करून घेणारी बाई आहे.

गाडीत मी रामाला विचारलं, "तुझं घर किती लांब?"

"पाव कोस."

बराच वेळ गेला. नारळीच्या वाड्या संपल्या, भाताची कापलेली खाचरं लागली, पुन्हा नारळी लागल्या. "आता किती?"

"ह्यो काय, पाव कोस."

आमच्या देशी पाव म्हणजे चौथा हिस्सा. शेराचा असो, मैलाचा असो, चौथा तो चौथा. रामाचा पाव मात्र गाडीबरोबर चालत होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गाडीवानच हसायला लागला. "पाटलाचं पाव कोस इचारू नका, पाहुणं. त्याच्यात कराड पन बसंल."

रामाच्या घरी तांदळाची भाकरी खाल्ली. इतकी पांढरी आणि मऊ भाकरी, की ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या हाताला ती धरवेना. बरोबर कोळंबीचं कालवण होतं, नारळाच्या रसातलं. राधाबाईनं आधी फक्त कालवणातला रस घेतला. मग एक कोळंबी घेतली. मग रामाच्या आईनं न विचारता आणखी वाढलं आणि हिनं नको म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी थळच्या बाजूनं जाताना बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला, तेव्हा हिनं पदर नाकाला लावला खरा, पण विचारलं, "ह्येचंबी कालवणच करत्यात का?"

रेवदंड्याची खाडी

अलिबागेला मुक्काम करून पुढं चौलावरून रेवदंड्याला आलो. वाट सगळी सुपारीच्या आणि नारळीच्या वाड्यांतून. प्रत्येक वाडीत रहाट कुरकुरत होता. आमच्याकडं मोटेवर गडी गातो, इथं रहाटच गातो आणि माणूस गप्प असतो.

रेवदंड्याला खाडी ओलांडायची. लहानशी होडी, एक कोळी नाखवा, आणि आमच्याशिवाय एकच उतारू, एक ख्रिस्ती बाई. लुगडं आमच्याच बायकांसारखं नेसलेली, गळ्यात क्रूस, आणि मांडीवर कापडानं झाकलेली भली मोठी टोपली. भरती चढत होती आणि समुद्राकडून वारा सुटला होता. मधोमध आल्यावर होडी अशी डोलायला लागली की, आखाड्यात कधी न घाबरलेला मी दोन्ही हातांनी फळी धरून बसलो.

एक लाट आडवी आली. कोळ्यानं वल्हं दाबलं आणि आकाशाकडं बघून आरोळी दिली, "पाव गो आये, पाव!"

राधाबाई लगेच म्हणाली, "पाव गं बाई, पाव!" देवीला ओळख लागत नाही.

तेवढ्यात दुसरी लाट आली आणि तुषार आत उडाले. ती ख्रिस्ती बाई टोपलीवर ओणवी झाली आणि ओरडली, "आरे, तुझ्या आयेला सांग, पाव माझे हायत! तिला पाहिजेत तर कोरे दे, भिजवून नको नेऊ!"

कोळी वल्हं मारता मारता इतका हसला, की होडी आणखीच डोलली. टोपलीत खरंच पाव होते, रेवदंड्याच्या भट्टीतले, ताजे. कोर्लईला तिच्या पुतणीचं लग्न होतं. एकाच लाटेत एक माणूस देवीला पाव म्हणत होता आणि एक बाई पाव वाचवत होती, आणि दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होती. पलीकडं लागलो तेव्हा हसून पोट दुखत होतं.

कोर्लई

बाईचं नाव रोझाबाई. तिनं आम्हांला सोडलंच नाही. "लग्नघरात या. गाडी जुंपेपर्यंत बसा." कोर्लईची ही ख्रिस्ती वाडी किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. आमच्याशी ती माणसं चांगलं मराठी बोलत, पण आपसांत वेगळीच भाषा. मी विचारलं, "ही कुठली भाषा?" रोझाबाई म्हणाली, "आमची. पोर्तुगीज लोक गेले, भाषा र्‍हायली. आता त्यांना कळते का न्हाय, देव जाणे." मला त्यातला एकच शब्द ओळखू आला, तो म्हणजे पाव.

पानात मासळीची लाल आमटी आली आणि तिच्याबरोबर दोन पाव. राधाबाईनं पावाकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. आमच्याकडं पाव घरात येत नाही, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. ती हळूच म्हणाली, "पायानं तुडवत्यात म्हनून पाव म्हनत्यात म्हनं."

हळूच म्हणाली खरी, पण रोझाबाईच्या कानांना भरती ओहोटी नाही. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि आतून नवऱ्याला हाक मारली. पेद्रू नावाचा ठेंगणा, रुंद माणूस आला. तो मुंबईला बेकरीत होता, लग्नासाठी घरी आलेला. रोझाबाई म्हणाली, "हे घाटावरचे पाहुणे म्हणतात तू पायानं मळतोस. दाखव यांना."

पेद्रूनं बाही वर केली. मी आयुष्यभर पैलवानांचे हात बघितले आहेत, पण असा पोटरीसारखा भरलेला मनगटापासूनचा हात बघितला नव्हता. मला राहवेना. मी म्हणालो, "पंजा लढवता का?"

लग्नघरातली सगळी माणसं गोळा झाली. ओट्यावर कोपर टेकून आम्ही बसलो. पहिल्यांदा मला वाटलं, बघता बघता पाडीन. मग वाटलं, थोडा वेळ लागेल. मग माझा हात हळूहळू, अगदी आदरानं, ओट्याला टेकला. पेद्रू म्हणाला, "रोज दोन पोती मैदा, वस्ताद. तो बी जोर करतो."

हरलेल्यानं मान राखायचा असतो. मी पाव मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. भाकरी कालवणाला दाद देत नाही, हा गुलाम सगळी आमटी पिऊन बसतो. मी चार खाल्ले. राधाबाईनं अर्धा खाल्ला, आणि उरलेला अर्धा वाटेत लागेल म्हणून पदरात बांधला. "हातानं मळलाय, मग हरकत न्हाई," असा निवाडा तिनं केला. पीठ फुगायला त्यात नारळीची माडी, म्हणजे दारूच, घालतात हे रामानं गाडीत बसल्यावर सांगितलं. आम्ही दोघंही बाहेर बघत राहिलो.

मुरुड

काशीदच्या बाजूनं चढउतार करत दुसऱ्या दिवशी सकाळी मुरुडला पोचलो. किनाऱ्यावरून जंजिरा दिसला, समुद्रात बसलेल्या कासवासारखा. दाऊदशेटांचं घर कौलारू, पुढं लांब पडवी. शेट पन्नाशीचे, पांढरी दाढी, बोलणं आमच्यासारखंच मराठी, फक्त समुद्राचा वारा लागलेलं. त्यांनी मला पडवीत बसवलं. आतून एक वयस्क, उंच बाई दाराशी आली, त्या बीबी. त्यांनी राधाबाईचे दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले आणि तिला आत नेलं. माझ्याकडं कुणी विशेष बघितलं नाही.

मी पिशवी उघडली, तेलाची बाटली आणि कामट्या मांडल्या, आणि विचारपूस सुरू केली. ती जशीच्या तशी लिहितो.

"कधीपासून भारी आहे?"

शेट चपापले. इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "आठ म्हयने झाले."

"आठ महिने! आणि आम्हांला आत्ता बोलावता?"

"त्याच्या आधी बोलवून काय उपेग, वस्ताद?"

मला राग आला, पण पाहुण्यानं आवरावं. "पडली होती का कुठं?"

"न्हाय न्हाय, अल्लाची मेहेर. जपतो आम्ही."

"दुखतं का?"

"अजून न्हाय. दुखाय लागलं म्हंजे तुमच्या घरवाली जवळ पायजेत. त्याचसाठी बोलावलंय."

"सूज?"

शेटांनी मान खाली घातली. "आता... आठव्या म्हयन्यात जेवढी असायची तेवढी."

मी बाह्या वर केल्या. "काळजी करू नका. एक झटका दिला की आत्ता मोकळी होईल."

"झटका?" शेट उठून उभे राहिले.

"दोघा गड्यांनी खांदे धरायचे. मी खालून ओढतो. ओरडेल जराशी, पण संध्याकाळी चालायला लागेल."

शेटांचा चेहरा दाढीसारखा पांढरा झाला. त्यांनी रामाकडं बघितलं. रामा माझ्याकडं बघत होता. तेवढ्यात आतून राधाबाईचा हसण्याचा आवाज आला. ती दाराची चौकट धरून उभी राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अवं, ठेवा त्या कामट्या! पाय न्हवं, पोरीला दिवस भरत आल्यात!"

हैदराबादेकडं, आणि सगळ्याच उर्दूत, बाईचा पाँव भारी झाला म्हणजे ती गरोदर झाली. बीबीनं रामाजवळ मागितली होती ती कराडची राधाबाई, बाळंतिणीची जाणकार. रामानं तिच्याबद्दलही बढाई मारली होती ना! मला त्यानं आपल्या डोक्यानं जोडलं. म्हणजे मी एवढा खाडी ओलांडून आलो तो राधाबाईचं सामान म्हणून. शेट आधी हसले नाहीत. मग पिशवीतल्या कामट्या बघून हसले, आणि एकदा सुरू झाले ते खांबाला टेकून बसले. रामा मात्र दिवसभर परसात नारळ सोलत राहिला. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

दुपारी खरी गोष्ट कळली, आणि तिच्यात हसण्यासारखं नव्हतं. सुनेचं नाव जुबेदा, वय कोवळं. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं. तेव्हापासून ती कमी बोलायची. तिचा नवरा मचव्यावर मलबाराकडं गेलेला. बीबी रोज रात्री सुनेच्या उशाशी झोपत होत्या. जिच्या हाताला यश आहे असं कुणी सांगितलं, तिला बीबी बोलावत होत्या. राधाबाई म्हणाली, "दोगींची भाषा कळंना मला, पर त्या पोरीचं भ्या कळलं." तिनं त्याच दिवशी पोरीला तेल लावलं. बीबी उर्दूत बोलत, ही कराडीत उत्तर देई. दोघींचं छान जमलं. हिनं विचारलेलं एक आणि त्यांनी सांगितलेलं दुसरंच, असं होत असावं, पण दोघी माना डोलावत.

हलीमाबी

तिसऱ्या दिवशी सकाळी, दिवस पुरे भरायच्या आधीच, जुबेदाला कळा सुरू झाल्या. मुरुडची जुनी दाई हलीमाबी. त्या घरातलं प्रत्येक मूल तिच्या हातावर आलेलं. तिला बोलवायला गडी धावला आणि एकटाच परत आला. हलीमाबी घाईघाईनं निघाली, विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली, आणि आता तिला उभंही राहता येत नव्हतं.

राधाबाई आतून बाहेर आली. तिचा चेहरा मी ओळखतो. ती म्हणाली, "पोर आडवं न्हाई, पर डोकं वर हाय. पाय खाली. मी तेल लावनारी बाई, हे माझ्या एकटीच्या हातचं न्हवं. त्या दाईला आना, कसंबी आना."

मी पिशवी उचलली आणि गड्याबरोबर पळत सुटलो.

हलीमाबी ओटीवरच्या खाटेवर पडली होती, वयानं सत्तरीच्या पुढची, सुरकुतलेली, डाव्या पायाचा घोटा उशीएवढा. सांधा सरळसरळ निखळला होता. मी दारातच थबकलो. बायकामाणूस, त्यात परक्याच्या घरचं, त्यात पडद्याचं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू त्यो घाटावरचा हाडवाला?"

"हो आजी, पण बायकांना मी हात लावत नाही. आमची राधाबाई..."

"तुझी राधाबाई तिकडं पोरीजवळ हाय. आनी माझ्या वयाला कसला पडदा? वढ!"

"दुखेल, आजी."

"बारा पोरं काढली ह्या पोटातून. मला दुखण्याचं सांगतोस? वढ म्हनते ना!"

गड्यानं तिला मागून धरलं. मी टाच एका हातात घेतली, चवडा दुसऱ्या हातात, मनात वस्तादांचं नाव घेतलं आणि ओढून वळवला. आवाज आला. मला त्याच्याइतका गोड आवाज दुसरा माहीत नाही. हलीमाबीनं मला एक अशी शिवी दिली की ती वाचनालयात ठेवता येणार नाही, आणि मग म्हणाली, "बसला. आता बांध लवकर."

घरात अंडी आणि उडदाचं पीठ होतं. त्याचा लेप दिला, कामट्या लावल्या, पट्टी आवळली. पण चालणं तर शक्य नव्हतं. रस्ता अरुंद, गाडी यायला वेळ. तिला खाटेसकट उचललं; पुढं गडी, मागं मी. म्हातारी दिसायला सुपारीएवढी, पण ती खाट सागवानी. दाऊदशेटांची पायरी चढताना माझ्या पाठीत कळ आली ती अशी, की मला वाटलं आता आपल्यालाच हाडवैद्य बोलवावा लागतो. पण खाट आत गेली.

मग दार लागलं आणि आम्ही पुरुष पडवीत राहिलो. शेट जपमाळ ओढत होते. रामा उभ्या उभ्या मारुतीचं नाव घेत होता. आतून हलीमाबीचा आवाज येई, "घाई न्हाय, घाई न्हाय, हात लावू नको, येऊ दे आपोआप," आणि राधाबाईचा, "व्हय, व्हय," आणि बीबींचं काही न कळणारं, सारखं एकच. मी तालमीत पुष्कळ लढती बाहेरून बघितल्या आहेत. कडेला बसणाऱ्याचे हातपाय जास्त दुखतात.

ऊन पडवीतून मागं सरकलं. एकदा आत सगळं गप्प झालं, आणि ते फार वेळ गप्प राहिलं. शेटांची माळ थांबली. मग एक चापटी वाजली, आणि नंतर बारीक, चिडलेलं, जिवंत रडणं.

दाऊदशेट भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला वाकलो आणि माझी पाठ पुन्हा लचकली, म्हणून मीही बसलो. कोण कुणाला उठवणार हे कळेना.

मुलगी झाली होती. पायाकडून आलेली.

निरोप

त्यानंतर आम्ही बरेच दिवस तिथं राहिलो. राधाबाईला कुणी सोडेना, आणि मला उठता येईना. हलीमाबी पाय लांब करून आतल्या खाटेवर बसे आणि मी पडवीत पालथा पडे. ती आतून विचारी, "हाडवाल्या, तुझं हाड कोन बसवनार?" जेवायला मात्र चैन होती. राधाबाई आमचं वेगळं रांधायची, असं ठरलं होतं. दोन दिवस ते चाललं. तिसऱ्या दिवशी बीबींनी सुरमईचा तुकडा तळून स्वतः आणून ठेवला, आणि वेगळ्या चुलीचा विषय पुन्हा निघाला नाही. मास्तर, हे वाचनालयात ठेवताना ज्यांना खोकला येईल त्यांना खोकू द्या.

निघायच्या आदल्या दिवशी राधाबाई म्हणाली, "अवं, घरात पायाळू लेकरू असताना तुमी तेल काय चोळत बसलाय?" आमच्याकडं पायाकडून जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात, आणि त्याचा पाय लागला की पाठीतली उसण जाते, असं सगळे मानतात. मी हाडं बसवणारा. हे मानलं तर माझा धंदा बुडेल म्हणून मी कधी बोलून दाखवत नाही. पण त्या दिवशी मी तेलाची बाटली बाजूला ठेवली.

बीबींना हिनं खुणा करून समजावलं. सगळं घर पडवीत जमलं. मी पालथा पडलो. राधाबाईनं ते लेकरू दोन्ही हातांत धरलं आणि त्याचे तळवे माझ्या पाठीवर टेकवले. चिंचेच्या बोटकाएवढं पाऊल. आधी नुसतं ऊबदार वाटलं, मग पोरीला राग आला असावा, तिनं लाथ मारली. दाराआडून जुबेदा हसली. ती मोठ्यानं हसलेली त्या घरानं कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. बीबींनी वळून तिच्याकडं बघितलं आणि बघतच राहिल्या.

"क्या कहते हैं इसको? आपकी ज़बान में?" जुबेदानं आतून विचारलं.

राधाबाई म्हणाली, "पायाळू."

"पायल?"

"पायाळू, पायाळू."

"पायल!" बीबींनी टाळी वाजवली. "कितना प्यारा नाम है! सुना आपने? पायल कहती हैं." आणि त्यांनी पोरीला उचलून तिच्या तळव्यांचे मुके घेतले. रामानं मला हळूच सांगितलं की त्यांच्या भाषेत पायल म्हणजे पायात घालायचे रुणझुणते पैंजण.

मी मान वर करून खुलासा करणार होतो. "बीबी, तो शब्द..." एवढं म्हणालोही. राधाबाईनं माझ्या दुखऱ्या पाठीवर बोट असं रोवलं की पुढचा शब्द घशातच राहिला.

"गप पडा," ती पुटपुटली. "आवडलंय त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी आगबोटीवर जायला मचव्यात बसलो. पाठ चांगली होती. कशानं झाली ते मी लिहीत नाही. बीबी किनाऱ्यापर्यंत आल्या. त्या आणि राधाबाई एकमेकींच्या गळ्यात पडून एकाच वेळी बोलत होत्या, आपापल्या भाषेत, आणि दोघी रडत होत्या. पडवीत राहिलेल्या हलीमाबीनं निरोप पाठवला होता की, पुढच्या खेपेला खाट हलकी आणीन.

कराडला आल्यावर राधाबाईनं सोनाराकडून दोन इवलेसे चांदीचे पैंजण घडवून घेतले आणि रामाच्या गुळाबरोबर मुरुडला पाठवले. परवा रामा आला होता. म्हणाला, पोरीचं नमाजातलं नाव मोठं ठेवलंय, ते त्याला सांगता येईना. पण घरात, दारात, मचव्यावर, सगळे तिला पायल म्हणतात, आणि ती रांगायला लागली की पडवीभर ऐकू येते.